दुकान रस्त्यापलीकडे, मंगळ अलीकडे

माझ्या मेहुण्याला सगळी वस्ती 'आलोच' म्हणते. त्याचं खरं नाव त्याच्या बहिणीला, म्हणजे आमच्या मंडळींना, ठाऊक आहे. पण तीही रागावली असेल तरच ते काढते. धंदा नळदुरुस्तीचा. हात चांगला, माणूस त्याहून चांगला, पण पद्धत अशी की गिऱ्हाइकानं डोकं धरून बसावं. यायचा, पिशवी खाली ठेवायचा, पाणी बंद करायचा, नळ खोलायचा, आतला वॉशर काढून उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "हा गेलाय बघा." मग चपला पायात, "आलोच!" आणि स्वारी हार्डवेअरच्या दुकानात. तिथे कोणी चहा पाजणार, कोणी मोटरीचा सल्ला विचारणार, कोणाच्या मुलीच्या लग्नाचं निघणार. इकडे घरात पाणी नाही, आणि तोंडाला साबण लावलेला माणूस मोरीत उभा.

तो उभा माणूस एकदा मी होतो, म्हणून सांगतो.

मी त्याला म्हटलं, "अरे, आधी बघून जा, काय लागतं ते घेऊन ये, आणि मग खोल. उलटं कशाला करतोस?"

"दाजी, खोलल्याशिवाय कळतं का काय गेलंय ते? डॉक्टरसुद्धा पोट उघडल्यावरच बघतो."

"डॉक्टर पोट उघडून 'आलोच' म्हणत दुकानात जात नाही."

तो हसला. त्याला कितीही बोला, हसायचा. सरळ हिशोब होता त्याचा: दुकान आहे, तर काळजी कशाची? पण त्यामुळे व्हायचं असं की हाती घेतलेलं कुठलंच काम तडीला जायचं नाही. त्याच्या स्वतःच्या न्हाणीघरात फरशा कमरेपर्यंत लावलेल्या, वर नुसतं सिमेंट. रात्रशाळा दोनदा धरली, तीनदा सोडली; हे कसं जमलं ते त्याचं त्यालाच माहीत. त्याची बायको दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या सबबी ऐकून तिचे कान इतके तयार झालेत की नवरा तोंड उघडायच्या आधीच ती म्हणते, "पुढचं सांग."

आता याच्या आयुष्यात मंगळ कुठून आला ते ऐका.

वस्तीच्या टोकाला एक जुनं भलंमोठं गोदाम होतं. ते एका विज्ञानसंस्थेनं घेतलं आणि गोदामाच्या आत एक घर बांधलं. उपड्या वाडग्यासारखं, बिनखिडकीचं, लोखंडी दाराचं. घराभोवती, गोदामातल्या गोदामातच, ट्रकनं आणून लाल धूळ पसरली. माणसानं मंगळावर राहायचं झालं तर काय काय हाल होतील, ते आधी इथंच भोगून बघायचं, असा बेत. सहा माणसं आत जाणार, आठ महिने दार बंद. बाहेरची हवा विषारी समजायची. खास पोशाख न चढवता दार उघडलं की सहाही जण मेले असं धरायचं, सगळं रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून दुसरे सहा. आमच्या शाळेत गुरुजींनी ग्रहांची नावं छडी मारून पाठ करून घेतली होती, पण तिथे भाड्यानं राहायचं निघेल असं त्यांनाही वाटलं नसणार.

त्यांना एक नळवाला हवा होता. आमचा आलोच त्याच संस्थेच्या कचेरीतल्या मोरीचं काम करत होता. ते अर्धवट टाकून हा मंगळावर गेला असं आमची मंडळी म्हणतात. मी चौकशी केलेली नाही. उत्तर काय येईल ते माहीत होतं.

जायच्या आधी तो माझ्याकडे आला. हसत नव्हता. म्हणाला, "दाजी, तिथे दुकानच नाही."

"मग तुझं कसं व्हायचं?"

"तेच तर. उठून जायची सोयच नाही. म्हणजे काम पुरंच करावं लागेल ना? आयुष्यात एक तरी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघायचीय. आठ महिने काढून त्या दारातनं बाहेर आलो, की मग मला कोणी काही म्हणू दे."

त्याच्या बायकोला त्यानं हेच सांगितलं. ती म्हणाली, "बघू." एवढंच. तिचं 'बघू' म्हणजे बंद खिडकीवरची पाटी.

आत काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. वाढवलेलं वजा करून मी सांगतो. तरी थोडं राहिलं असेल तर चव म्हणून समजून घ्या.

आत सहा जण. म्होरक्या एक इंजिनिअर बाई, त्यांना सगळे कप्तानबाई म्हणत. एक डॉक्टर. एक शेतकी शिकलेला, दिव्याच्या उजेडात पालेभाजी वाढवणारा, तो माळीबुवा. दोघं दगडांचा अभ्यास करणारे, ते दोघं एकमेकांशीच बोलत. आणि सहावा हा.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग एकेक कळ निघायला लागली. झोपायची खोली एवढी की कूस बदलायची तर उठून बाहेर येऊन बदलावी. पंखा अहोरात्र घूं घूं करणार, कारण तो थांबला तर श्वासही थांबणार. अंघोळ म्हणजे ओला रुमाल. कपडे धुणं नाहीच. बनियन उलटी करून घालायची, आणि तीही वैतागली की परत सुलटी. पाण्याचं तर बोलूच नका. जे काल कपातून प्यायले तेच आज परत कपात. मध्ये ते कुठून कुठून फिरून आलं, हे कोणी कोणाला विचारायचं नाही, असा अलिखित करार होता. अंगणात, म्हणजे घराभोवतीच्या त्या लाल धुळीत, जायचं तर तो जाड पोशाख चढवायचा. हातमोज्यात बोटं अशी फुगायची की खाली पडलेला एक नट उचलता उचलता जीव मेटाकुटीला यायचा. "दाजी, मी बोटांवर पोट भरणारा माणूस. तिथे मला दहा दुधी भोपळे लावून दिले होते हो!"

माणसांचा माणसांना होणारा जाच तर वेगळाच. डॉक्टर जेवताना चमचा दातावर वाजवायचे. पहिल्या महिन्यात कोणाच्या ध्यानातही आलं नाही. तिसऱ्या महिन्यात माळीबुवा ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, ते हार्डवेअरचं दुकान गोदामाच्या बरोब्बर समोर होतं. रस्ता ओलांडला की दुकान. रोज सकाळी त्याचं शटर खडाडखड वर जायचं, आणि तो आवाज दोन भिंती फोडून आत मंगळावर ऐकू यायचा. आमच्या मेहुण्याचे पाय आपोआप हलायचे. शेवटी कप्तानबाईंनी फर्मान काढलं: त्या आवाजाला 'वादळ' म्हणायचं. मग रोज सकाळी कोणीतरी म्हणायचं, "वादळ आलं वाटतं," आणि हा दात-ओठ खात म्हणायचा, "आज उशिरा आलं. मालक सासुरवाडीला गेला असेल."

घरच्यांना महिन्यातून एकदा पडद्यावर बोलता यायचं. पण तेही मंगळाच्या रीतीनं. आपण बोललेलं तिकडे वीस मिनिटांनी पोचणार, त्यांचं उत्तर आणखी वीस मिनिटांनी. अंतरच तेवढं आहे म्हणे. मी म्हटलं, अहो, भिंतीपलीकडे तर आहे! संस्थेचे साहेब हसले. गृहस्थ सभ्य होते. "आजोबा, भिंत नका धरू, आकाश धरा."

आम्ही तिघं बसलो. आमच्या मंडळींनी सुरुवात केली, "कसा आहेस? वाळलास का रे? जेवतोस ना? गप्प का? अरे बोल ना!" मी म्हटलं, अगं, त्याला अजून 'कसा आहेस' पोचलेलं नाही. मग आम्ही चहा घेतला. चहा झाला, शेजारणीची निंदा झाली, आणि मग पडद्यावर मेहुण्याचा आवाज, "मी बरा आहे ताई. गप्प कुठेय?" तोवर ताई विसरलेली की तिनं काय विचारलं होतं. ती म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं?" हे त्याला वीस मिनिटांनी ऐकू जाणार. असं ते भांडण सबंध दुपार चाललं, आणि कोण कोणावर कशासाठी चिडलंय याचा थांग देवालासुद्धा लागला नसता.

त्याची बायको काहीच बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "काय बोलू दाजी? मी आत्ता रागावले तर त्याला वीस मिनिटांनी कळणार. तोवर माझा राग गेलेला असतो. मग त्याचं 'चुकलं' येतं, आणि मला परत आठवतं. त्यापेक्षा घरी आल्यावर एकदम बघेन."

सहाव्या महिन्यात पाण्याचा पंप कुरकुरायला लागला. वापरलेलं पाणी खालच्या टाकीतून वरच्या गाळणीत चढवायचं, तो पंप. सगळ्या घराचा घसाच म्हणा. सांध्यातून थेंब येत होता.

कप्तानबाईंनी स्पष्ट सांगितलं, "हात लावू नकोस. आधी आपल्याकडे कोणती रिंग आहे ते बघू, माप मागवू, ती हातात आली की मग खोलू. तोवर थेंब पडू दे, खाली भांडं ठेव."

"हो बाई. नुसतं बघतो."

आणि ते बघता बघता यानं सांधा खोलला. दुसरं काय करणार? आयुष्यभराची सवय. पाना हातात आला की हात डोक्याला विचारत नाहीत. आतली रबरी रिंग बाहेर काढली, उजेडात धरली, आणि तिचा बिस्किटासारखा चुरा झाला. हा म्हणाला, "ही गेलीय बघा."

सुट्या भागांचा डबा उघडला. रिंगा होत्या, चांगल्या मूठभर होत्या, पण सगळ्या नव्या पंपाच्या मापाच्या. पंप जुना बसवलेला. डबा कोणी भरला, पंप कोणी घेतला, ते दोन वेगळे विभाग. त्यांची आपसात गाठ कधी पडली नसावी. वस्तू छापून देणारं एक यंत्र होतं, पण त्यातून निघणारं सगळं कडक. रबर काही ते छापेना.

पुढचं मला माळीबुवानं सांगितलं, म्हणजे त्यात वाढवलेलं नाही. आलोच उठला. हात पुसले. कोपऱ्यात आठ महिन्यांसाठी ठेवून दिलेल्या चपला पायात घातल्या, खिसा चाचपला आणि सरळ दाराकडे चालू लागला. तोंडानं "आलोच" म्हणाला. दाराच्या दांड्याला हात घातला.

"कुठे?" कप्तानबाई ओरडल्या.

"रिंग आणतो."

"कुठून?"

हा तसाच उभा. दांड्यावर हात. बाहेर दुकान उघडं होतं, गिऱ्हाइकाशी मालकाची घासाघीस चाललेली अर्धीमुर्धी ऐकू येत होती. माळीबुवाला आधी हसू फुटलं. मग त्यानं याचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू तिथंच राहिलं. यानं हळूच दांड्यावरचा हात काढला, चपला काढल्या, आणि पंपाजवळ जाऊन बसला. दांडा आणखी बोटभर खाली गेला असता तर सहा माणसं मेली असती, कागदावर का होईना, आणि सहा महिने पाण्यात. म्हणजे, पाणी असतं तर.

आता नियम असा, की वरच्या, गाळलेल्या पाण्याच्या टाकीतलं पाणी लाल रेघेखाली गेलं की डॉक्टरांनी दार उघडायला सांगायचं. खेळ खलास.

संस्थेच्या कचेरीतून बातमी, रिंगेच्या मापासकट, आमच्यापर्यंत आली. मी म्हटलं, एवढंच ना? गेलो दुकानात. मालकाला माप सांगितलं. त्यानं पुढ्यातल्या बरणीत हात घातला आणि रिंग काढून दिली. चहापेक्षा स्वस्त. ती घेऊन रस्ता ओलांडला आणि गोदामाच्या फाटकावर गेलो. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, पलीकडे मंगळ आहे."

"मला दिसतंय तो. माझा मेहुणा आत आहे. ही एवढी दारातनं सरकवा."

त्यानं साहेबांना बोलावलं. साहेबांनी रिंग हातात घेतली, उलटून बघितली, माप बरोबर आहे म्हणाले आणि मला परत दिली. "पाठवायची असेल तर यानात चढवावी लागेल. पोचायला सात महिने."

"साहेब, ती माणसं दोन महिन्यांत बाहेर येणार!"

"म्हणूनच," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. "आजोबा, आज मी ही आत दिली, तर उद्या खरोखर जे तिकडे जातील त्यांना कोण आणून देणार?"

संताप तर असा आला की फाटकावर डोकं आपटावं. ती रिंग मी पहारेकऱ्याला देऊन टाकली. त्यानं तिच्यात किल्ल्या ओवल्या.

आत याचे प्रयोग सुरू झाले. बुटाच्या तळव्यातून रिंग कापली, गळाली. हातमोज्याच्या मनगटातून कापली, जास्त गळाली. माळीबुवाच्या रोपांची नळी कापून गुंडाळली. ती फटकन उडून डॉक्टरांच्या कपाळावर बसली. रोज कप्तानबाई विचारायच्या, "काय?" आणि हा रोज म्हणायचा, "होईल. आज होईल. थोडंच राहिलंय." पिण्याचं पाणी डॉक्टर मापून देऊ लागले. ओला रुमाल बंद. माळीबुवाची पालेभाजी माना टाकायला लागली आणि त्यानं याच्याशी बोलणं सोडलं. दगडवाले दोघं तर एकमेकांशीही बोलेनात. रेघ दिसायला लागली.

शेवटी कप्तानबाई त्याच्याजवळ जमिनीवर येऊन बसल्या. आवाज चढवला नाही. "हे बघ. होत असेल तर थांबू. नसेल होत तर आत्ता सांग, पाणी आहे तोवर दुसरं काहीतरी करता येईल. पण 'होईल' म्हणू नकोस. तुझ्या त्या 'होईल'वर आम्ही पाच जण टांगून राहिलोय."

मेहुणा मला म्हणाला, "दाजी, मी तोंड उघडलं, आणि तोंडात 'होईल'च आलं होतं. ते गिळलं. घसा कोरडा होता, पण गिळलं."

मग म्हणाला, "नाही जमत मला. हा पंप रिंगेशिवाय चालायचा नाही, आणि रिंग मला करता येत नाही."

तो म्हणतो, त्यावर कोणीतरी ओरडेल असं वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही. दगडवाल्यातला एक, सहा महिन्यांत पहिल्यांदाच, याच्याकडे बघून बोलला, "मग पंप सोड. पाणी हातानं चढवू."

झालं, तेच ठरलं. पंप बाजूला. खालच्या टाकीतून डबा भरायचा, शिडी चढायची, वर गाळणीत ओतायचा, उतरायचं, पुन्हा भरायचा. सहा जणांच्या पाळ्या. गाळणी सावकाश पाझरणारी, तिला घाई करून चालायचं नाही. म्हणजे दिवसभर कोणी ना कोणी शिडीवर. हात भरून यायचे, डबा हिंदकळायचा, अंगावर काय सांडतंय ते आठवून शिसारी यायची. शिवाय गाळणीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपाचा तो उघडा सांधा नीट बुजेना, त्यातून थोडं गळायचंच. त्याखाली भांडं, भांड्यातलं परत डब्यात. कंटाळा, चिडचिड, पुन्हा कंटाळा. एकदा तर माळीबुवानं डबा खाली आपटून सांगितलं की मंगळावर राहायला जाणाऱ्यांना आधी वेड्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पण पुढच्या पाळीला तो शिडीपाशी हजर होता. आणि पाणी लाल रेघेच्या बोटभर वर राहिलं. बोटभरच, त्याच्या वर कधी गेलं नाही.

आठ महिने पुरे झाले. दार उघडायच्या दिवशी आम्ही सगळे गोदामात. बाहेर पुढचे सहा जण आपापल्या पिशव्या घेऊन उभे, कारण हे निघाले की ते आत; घर आहे तसंच, गळक्या सांध्यासकट, ताब्यात घ्यायचं, असा मंगळाचा नियम. दार उघडलं. दगडवाले आले, डॉक्टर आले, माळीबुवा हातात कसलासा एक केविलवाणा पाला घेऊन आला, कप्तानबाई आल्या. मिठ्या झाल्या, फोटो झाले. नवे सहा आत गेले. आमच्या आलोचचा पत्ता नाही.

आमच्या मंडळींच्या डोळ्याला पाणी. "काही झालं तर नाही ना हो त्याला?"

त्याची बायको ताठ उभी, पर्स काखेत. माणसं पांगली, फोटोवाले गेले. ती कप्तानबाईंना म्हणाली, "पाच आले. आमचं कुठंय?"

"नव्या लोकांना शिडी दाखवतोय," कप्तानबाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं की मी लिहून ठेवलंय सगळं. ऐकत नाही."

बरंच थांबावं लागलं. मग तो आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, बनियन उलटी. माझ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

"झालं का काम?" तिनं विचारलं.

मी मनात म्हटलं, बाई, आज तरी नको. पण तो अजिबात चाचरला नाही.

"नाही झालं. पंप मीच खोलून घालवला. सांधा गळतोच आहे. कुठे गळतो, भांडं कुठे ठेवायचं, डबा किती भरला की हिंदकळत नाही, ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांच्याकडून दोन-दोन फेऱ्या करून घेतल्या. मगच निघालो."

ती पुढचं काही विचारेल असं मला वाटलं, पण तिनं विचारलं नाही. त्याच्या हातातली पिशवी घेतली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "चल. आधी अंघोळ कर."